मुलीसारखी

शास्त्रभाग : गलतीकरांस पत्र, अध्याय २



अंत्युखियात पेत्र हा परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीस बसून जेवीत असे. पुढे याकोबाकडून काही माणसे आली, तेव्हा तो सुंता झालेल्यांच्या भयाने मागे सरला व वेगळा राहू लागला. पाहुणे येईपर्यंत त्याचे चालणे सरळ होते, हे ध्यानात घ्यावे.

ह्या भागावर मनन करीत असता आम्हांस एका हिंदी बोलपटाचे स्मरण झाले. उपदेशात बोलपट कशाला, असे कोणी वडील म्हणतील. परंतु प्रभूने आपले दाखले शेतातून, चुलीपासून व बाजारातून घेतले, हे त्यांनी आठवावे.

'सुजाता' हा बिमल रॉय ह्यांचा बोलपट १९५९ साली निघाला. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केल्यास तेव्हा नऊ वर्षे झाली होती, व ती पाळणे गुन्हा ठरविणारा कायदाही १९५५ साली झाला होता. कायदा दारापर्यंत आला होता. आत काय चालले होते ते हा बोलपट दाखवितो. उपेंद्रनाथ नावाच्या ब्राह्मण इंजिनियराच्या घरी साथीत आईबाप गमावलेली एक अस्पृश्य तान्ही मुलगी येते. तीस परत पाठविण्याचे यत्न होतात, ते साधत नाहीत, आणि ती तेथेच वाढते. घरची मुलगी रमा शिकते. सुजाता घर सांभाळते. घरधनीण चारू दुष्ट नाही. एकांतात तीस माया आवरत नाही. परंतु कोणी परके आले की ती सांगते, ही आमच्या मुलीसारखी आहे. मुलगी नव्हे, मुलीसारखी! जिने कोणाचे काही बिघडविले नाही, त्या निष्पाप पोरीचा सारा जन्म त्या एका 'सारखी'त कोंडलेला आहे. चारू झालेल्या सुलोचना, सुजाता झालेल्या नूतन आणि सोवळ्याचा ताठा मिरविणाऱ्या वृद्धेचे काम करणाऱ्या ललिता पवार, ह्या तिघी महाराष्ट्राच्याच; म्हणून की काय, ते घर आम्हांस परके वाटले नाही.

पुढे रमेसाठी योजिलेला अधीर नावाचा तरुण सुजातेस पसंत करतो. त्या संतापात चारू जिन्यावरून पडते. तीस रक्त हवे असते, आणि जुळते ते सुजातेचेच. मग आईचे डोळे उघडतात. पुष्कळांस हा शेवट फार आवडतो. आम्हांस मात्र येथे एक शंका येते. रक्त जुळले नसते तर? तर ती पोर जन्मभर 'सारखी'च राहिली असती काय? लेकपण जर रक्त देऊन विकत घ्यावयाचे, तर ती मजुरी झाली, कृपा नव्हे. आम्हांपैकी कोणी देवाच्या घरी असे मोल देऊन शिरला आहे?

आमच्या मंडळ्यांत निरनिराळ्या जातींतून आलेली घराणी आहेत. प्रभुभोजनाचा प्याला एक आहे, बाकावर शेजारी बसण्यासही अडचण नाही. अडचण पाहुणे आल्यावर, म्हणजे सोयरिकीच्या वेळी, उभी राहते. तेव्हा "ते आमचे भाऊच आहेत" ह्याचे "भावासारखे आहेत" केव्हा होते, ते बोलणाऱ्यासही कळत नाही. ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत स्थळे पाहावयाची आहेत, त्या वडिलांस आम्ही एवढेच विचारतो : मुलाचे शिक्षण, उद्योग व मंडळीतील वागणूक विचारून झाल्यावर, आवाज खाली करून "मूळचे कोण?" असे जे तुम्ही विचारता, ते कोणाच्या भयाने?