ताटाचा धनी

बारा वर्षे गुरुगृही राहून, सारे वेद मुखोद्गत करून आणि त्या विद्येचा पुरेसा ताठाही अंगी बाणवून घरी परतलेल्या श्वेतकेतूला त्याच्या पित्याने, उद्दालक आरुणीने, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगितले, पाणी मात्र हवे तितके पिण्याची मुभा दिली; आणि त्यानंतर ऋचा, यजुषे व सामे म्हणून दाखव अशी आज्ञा झाली तेव्हा त्या पंडित पुत्राला एकही मंत्र आठवेना. जेवून आल्यावर मात्र विचारलेले सारे त्याने बिनचूक म्हटले. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील ही कथा वाचताना मला २८ नोव्हेंबर २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा तो हुकूम हटकून आठवतो, ज्याने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना दुपारी शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक केले. हुकुमात उपनिषदाचा हवाला नाही आणि असण्याचे कारणही नाही; परंतु उपाशी पोराच्या डोक्यात पाढे राहत नाहीत हा दोहोंचा दाखला एकच आहे.

गेली काही वर्षे हिवाळ्याचे दोन महिने मी म्हैसूरला लेकीकडे काढतो, आणि फेरफटक्यात एका सरकारी शाळेच्या आवाराशेजारच्या बाकावर घटकाभर टेकण्याचा मला परिपाठ पडला आहे. कर्नाटकाने २००२ साली हे दुपारचे जेवण सुरू केले तेव्हा त्याला 'अक्षर दासोह' असे नाव दिले. सरकारी योजनांची नावे बहुधा कारकुनी असतात. हे नाव मात्र बाराव्या शतकातील बसवण्णांच्या आणि शरणांच्या परंपरेतून उचललेले आहे. 'मी दास आहे' या भावनेने, घेणारा हाच ईश्वराचे रूप मानून, कायकाने म्हणजे स्वतःच्या श्रमाने मिळविलेले त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे दासोह. दानात देणारा वर असतो आणि घेणाऱ्याचा हात खाली असतो. दासोहात ही उतरंड उलटी होते. म्हैसूर जिल्ह्यात कपिला नदीच्या काठी असलेल्या सुत्तूरच्या मठात ही परंपरा आजही नांदती आहे आणि तेथे हजारो मुले जेवून शिकतात.

एवढे थोर नाव दिल्यावर त्याचा अर्थ पाळण्याची जबाबदारीही येते, आणि तेथेच घोडे अडले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सात मागास जिल्ह्यांत, मुलांच्या कुपोषणाकडे बोट दाखवून, जेवणात उकडलेले अंडे देण्यास आरंभ झाला तेव्हा अनेक मठाधिपतींनी त्याला जाहीर विरोध केला. अंडे नको असेल त्याला केळे किंवा चिक्की असा तोडगा निघाला आणि पुढच्याच वर्षी ही व्यवस्था राज्यभर लागू झाली. त्याआधी दोन-तीन वर्षे कांदा-लसणाचा वाद गाजला होता: कृष्णभक्तांच्या 'अक्षयपात्र' संस्थेच्या स्वयंपाकघरांतून जे अन्न शाळांना जाते त्यात कांदा-लसूण नसतो, आणि असे अन्न मुलांना रुचत नाही, म्हणून ती ते कमी खातात, असा आक्षेप होता. आपल्या महाराष्ट्राने तरी काय केले? २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे मंजूर केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा पैसा काढून घेऊन शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखविला.

सात्त्विक, राजस, तामस ही भाषा या वादात सर्रास वापरली गेली, म्हणून मी गीतेचा सतरावा अध्याय पुन्हा उघडला. तेथे कांद्याचे नाव नाही, लसणाचे नाही, अंड्याचेही नाही; पदार्थांची यादीच नाही. रस आणि परिणाम सांगितले आहेत, आणि शिळेपणा हे तामस अन्नाचे पहिले लक्षण म्हणून दिले आहे. एक प्रहर उलटलेले अन्न जर तामस, तर सहा महिन्यांपूर्वी चकचकीत पाकिटात बंद झालेल्या कुरकुरीत तळणाला कोणत्या वर्गात बसवावे? त्याविरुद्ध कोणा मठाधिपतीचे पत्रक निघाल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही.

खरा प्रश्न छांदोग्याच्या सातव्या अध्यायात आहे. आहार शुद्ध तर चित्त शुद्ध, असे सनत्कुमार नारदाला सांगतात. पण आहार म्हणजे काय? रामानुजांच्या परंपरेने आहार म्हणजे अन्न असा सरळ अर्थ घेतला आणि त्याचे तीन दोष मोजले: पदार्थाच्या जातीचा, तो ज्याच्याकडून आला त्याचा, आणि केस-कचरा पडून लागलेला. शंकराचार्यांनी मात्र धातूचा अर्थ धरून, इंद्रिये बाहेरून जे जे आत घेतात, शब्द, रूप, गंध, त्या सर्वांच्या ज्ञानाला आहार म्हटले आणि राग, द्वेष व मोह यांपासून त्याची सुटका म्हणजे शुद्धी असे सांगितले. गंमत अशी की परंपरेप्रमाणे रामानुज जेथे बारा वर्षे राहिले ते मेलकोटे म्हैसुरापासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, आणि शंकराचार्यांचे शृंगेरी याच राज्यात आहे. म्हणजे या शाळेच्या ताटाचा निवाडा करावयाला दोन्ही भाष्यकार हाकेच्या अंतरावर उभे आहेत.

मी बाकावरून पाहतो तेव्हा मला शंकराचार्यांचा अर्थ अधिक कामाचा वाटतो. शाळा सुटते, फाटकाबाहेर चुरमुरीवाल्याची गाडी, समोर बेकरी, बेकरीच्या दारावर क्रिकेटपटूचे हसरे चित्र, त्याच्या हातात शीतपेयाची बाटली. घरी गेल्यावर आईच्या हातातला मोबाईल पोराच्या हातात जातो आणि डोळे चित्रावर खिळलेले असताना घास तोंडात पडतो; तो कशाचा होता हे त्यालाही सांगता येणार नाही. आपण जेवणापूर्वी समर्थांच्या नावावर चालणारा श्लोक म्हणत होतो, तेव्हा निदान समोर काय वाढले आहे तिकडे लक्ष जात असे. पोराचे डोळे आणि कान दिवसभर काय खातात याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. अंड्याचा मात्र दररोजचा जमाखर्च आहे.

विहाराचेही तसेच. गीतेने युक्ताहार आणि युक्तविहार हे शब्द एकत्र जोडले; आपण पहिल्यावर भांडतो आणि दुसरा विसरतो. याच म्हैसुरात जगन्मोहन राजवाड्यात कृष्णराज वाडियार चौथे यांच्या आश्रयाने कृष्णमाचार्यांची योगशाळा भरत असे, आणि १९३४ साली मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेला एक पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा या आपल्या मेहुण्यांकडे येऊन राहिला. १९३७ मध्ये पुण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार ते हेच. आमच्याकडे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार चालू केले तोही काळ हाच. दोन संस्थानिकांना जे सुचले ते सुचण्यासाठी आजच्या शाळांना मैदान लागते, आणि मी बसतो त्या शाळेच्या मैदानाचा निम्मा भाग शिक्षकांच्या दुचाक्यांनी व्यापलेला असतो.

अंड्याकडे परत येतो. छांदोग्यातच उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशात पिके बुडाली, तो उपाशी, आणि कोणी हत्तीवाला कुल्माष खात बसलेला. उषस्तीने त्याचे उष्टे कुल्माष मागून खाल्ले. उष्टे पाणी मात्र नाकारले. का, तर कुल्माष न खातो तर जगलो नसतो, पाणी मला कोठेही मिळेल. नियम त्याचा होता, मोडलाही त्यानेच, राखलाही त्यानेच. मोठ्या विद्वानाच्या कथेतून मी हे एवढेच घेतो की भुकेल्याच्या नियमाची सूट भुकेल्याने द्यावी. वाढणाऱ्याने आपला नियम त्याच्या ताटावर चढवू नये. ज्या संस्थेला कांदा शिजविणे मनाविरुद्ध आहे तिची श्रद्धा मी खोटी मानीत नाही, आणि मनाविरुद्ध तिला कोणी शिजवावयास लावू नये. पण दास म्हणविणाऱ्याने धन्याचा जेवणातला हक्क ठरवावा हे दासोहाच्या व्याकरणात बसत नाही. तेवढ्यापुरता दुसऱ्या स्वयंपाक्याने पुढे व्हावे.

यावर मूल काय ठरविणार, असे लेक म्हणते. ते आईबापांचे आणि शेजारच्या ताटाचे ऐकणार. ते खरेच आहे. परवा भिंतीपलीकडच्या एका चौथीतल्या पोराला मी विचारले, तू अंडे घेतोस की केळे?

"सोमवारी केळे, ताता," तो म्हणाला. सोमवार नंजुंडेश्वराचा म्हणून आई पाळते. "बाकीचे दिवस अंडे."

आणि सोमवारी शेजारचा अंडे खातो तेव्हा? त्याने जरा विचार केला, म्हणाला, मंगळवारी मी खातो तेव्हा त्याचा उपास असतो. आणि घंटा झाली म्हणून दुचाक्यांमधून वाट काढीत पळाला.