टेस्टर न पेटल्याचा अर्थ

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये वायरमनला उसंत नसते. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडायची असतात. चाकरमानी येतो, जळमटं काढतो आणि शहाणा असेल तर मेन चढवण्याआधी वायरमनला हाक मारतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या भिंती भाद्रपदातही ओल धरून असतात. बोर्ड उघडला की आत मुंग्यांनी आणलेली माती असते, उंदरानं कुरतडलेली वायर असते, कधी दोन टर्मिनलांच्या मध्ये वाळून चिकटलेली पाल असते.

"काका, मेन पाडलाय ना?"

"सकाळीच पाडलाय."

तरीही तो खिशातला टेस्टर काढतो. आधी मीटरपाशी, मेनच्या वरच्या बाजूला लावतो, कारण तिथे वीज आहे याची खात्री असते. टेस्टर पेटतो. मग ज्या बोर्डात हात घालायचा आहे तिथे लावतो. पेटत नाही. मग पुन्हा मीटरपाशी जातो. पेटतो. त्यानंतरच पक्कड हातात घेतो. सगळेच असं करत नाहीत. जे करतात ते ज्ञानशास्त्रातल्या एका जुन्या आणि अवघड प्रश्नाचं उत्तर रोज हातानं देत असतात, असं मला वाटतं.

प्रश्न असा, की एखादी गोष्ट नाही हे आपल्याला कशानं कळतं? जमिनीवर घट नाही, हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. नैयायिक म्हणाले, हा अभावही प्रत्यक्षानंच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि पुढे अद्वैती म्हणाले, डोळा जे आहे तेच दाखवतो, म्हणून अभाव कळण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं पाहिजे. हा वाद शतकानुशतकं चालला. मात्र त्यातली एक अट दोन्ही बाजूंना सोडता आली नाही, ती म्हणजे योग्यतेची. घट असता तर तो दिसलाच असता, इतका उजेड आणि इतकी नजर असेल, तरच न दिसण्याला किंमत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

वायरमनच्या तीन स्पर्शांतला पहिला आणि तिसरा ही योग्यता तपासण्यासाठी असतात. टेस्टरच्या दांड्यात निऑनचा इवलासा दिवा आणि मोठा रोध असतो. माणसाचं बोट मागच्या टोपीला टेकलं की नगण्य प्रवाह शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा लागतो. रोध तुटलेला असेल, पायाखाली प्लॅस्टिकचं स्टूल असेल, ओटीवर लख्ख ऊन असेल, तर वीज असूनही दिवा लागल्याचं दिसत नाही. पेटलेला टेस्टरसुद्धा सगळं सांगत नाही. प्लगच्या दोन्ही भोकांत तो पेटला तर नवख्याला वाटतं दोन फेज आले. जुना माणूस ओळखतो, की न्यूट्रल तुटलाय आणि घरातल्याच एखाद्या चालू उपकरणातून फेज फिरून मागे आलाय. अलीकडे इन्व्हर्टर आल्यापासून मेन पाडूनही काही लाइन जिवंत राहतात. 'सकाळीच पाडलाय' हे शब्दप्रमाण तिथे पुरत नाही.

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर कोसळला. त्या दुःखापुढे वायरिंगची गोष्ट लहानच, तरीही बुडालेल्या घरात परत राहायला जायचं तर ती टाळता येत नाही. पूर ओसरल्यावर बोर्डातून चिखल काढायचा, स्वच्छ पाण्यानं धुवायचं, सुकवायचं. पण भिंतीतल्या पाइपात अडलेलं पाणी बाहेरून दिसत नाही.

अशा वेळी हाताशी असतो तो सिरीज लॅम्प. फ्यूजच्या जागी शंभर वॅटचा बल्ब ओळीत जोडायचा आणि लाइन द्यायची. बल्ब पूर्ण प्रकाशला तर पुढे शॉर्ट आहे. वायर जळत नाही, कारण बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच देत नाही. युक्ती सुंदर आहे. पण बल्ब विझलेला राहिला म्हणजे घर सुरक्षित, हा निष्कर्ष चुकीचा आणि जीवघेणा आहे. ओल्या भिंतीतून तीस मिलिअँपिअर गळत असले तरी त्या बल्बची तार लालसुद्धा होत नाही. तेवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तर जीव धोक्यात येतो. म्हणून तर माणसाला वाचवणारा आरसीसीबी तीस मिलिअँपिअरचा असतो. हा बल्ब शॉर्ट ओळखायला योग्य आहे, गळती ओळखायला नाही.

गळतीसाठी मेगर लागतो. इंग्लंडात 1903 मध्ये या नावाची नोंदणी झाली. दांडी फिरवायचं ते लाकडी पेटीतलं यंत्र आता बॅटरीवर चालतं, काम तेच आहे. मेन पाडायचा, बल्ब आणि उपकरणं काढायची, स्विच चालू ठेवायचे, फेज-न्यूट्रल एकत्र धरून त्यांच्यात आणि अर्थमध्ये पाचशे व्होल्ट डीसी लावून मिनिटभर थांबायचं. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी घरगुती जोडणीला किमान एक मेगओहमची मर्यादा घातली होती. ओल्या पाइपाचा आकडा त्याच्या कितीतरी खाली येतो. मग पुन्हा सुकवायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजायचं. घरातले लोक अंधारात कंटाळलेले असतात, 'चालू करा हो' म्हणत असतात, आणि त्यांना नाही म्हणायला वायरमनच्या हातात तो आकडाच हवा.

हे लिहिताना महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल मनात येतोच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य आढळला होता, असं तेव्हा सरकारनं सांगितलं. त्या पाहणीत कुणी काय केलं याचा निवाडा मी करत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की दोष असता तर तो त्या पाहणीला दिसला असता का? पाण्याखालचा दगड वरून पाहून कळतो का?

घरांचंही तसंच आहे. नवीन मीटर घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यानंतर तीस-चाळीस वर्षं कुणी विचारत नाही. डोंगरातल्या घरांत बॅटन पट्टीवरची वायरिंग अजून सापडते, अर्थिंगची वायर कुठे जाते ते घरमालकाला माहीत नसतं. प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक मेगर आणि एक अर्थ टेस्टर विकत घ्यावा आणि गावातल्या वायरमनला वापरायला द्यावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. किंमत फार नाही.

फक्त मोजण्याची वेळ नीट ठरवावी. मे महिन्यात भिंती कोरड्या ठणठणीत असतात, तेव्हा चिरलेली वायरही मेगरवर पास होते. तिची परीक्षा ऑगस्टात घ्यायची. अर्थिंगचं उलटं आहे. पावसाळ्यात खड्डा भिजलेला असतो, मीठ-कोळसा ओला असतो आणि वाईट अर्थिंगही चांगलं दिसतं. कातळावरच्या घराचं अर्थिंग मोजायचं तर मे महिन्यात, खड्ड्यात पाणी न ओतता.