आरंभीची शिल्लक

माझा भाचा संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आज्ञावली लिहितो. गणपतीला रत्नागिरीस आला, तेव्हा ओटीवर बसून त्याने मला ‘ड्रायव्हर’ समजावून सांगितला. गाडी हाकणारा नव्हे. यंत्र आणि संगणक यांच्यामधला हा दुभाष्या. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्स प्रणालीत नवे यंत्र जोडले, की हा दुभाष्या एकेक गोष्ट मागून घेतो : मेमरीत जागा, वीज, घड्याळाचे ठोके. दर पायरीला मिळाले की नाही ते पाहायचे. सारे मिळाले तर शून्य कळवायचे. (शून्याचा एवढा मान मी शाळेत कधी पाहिला नाही!) अडले तर उणे आकडा, जागा नसल्यास उणे 12, यंत्रच नसल्यास उणे 19. मात्र त्याआधी घेतलेले सगळे उलट क्रमाने परत करायचे.

हे मी मिरकरवाड्याला पाहिले आहे. पावसाळी बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला निघालेली बोट, इंजिन थंड ठेवणारे पाणी नीट पडेना म्हणून तांडेलाने धक्क्यालाच थांबवली. शेवटी भरलेला बर्फ आधी उतरला. खलाशी पुष्कळ कुरकुरले.

“आणि पाहिलेच नाही तर?” मी विचारले.

“तेव्हा काहीच होत नाही, मामा. पुढे दुसराच कोणी त्या न मिळालेल्या जागेवर जातो आणि कोसळतो. नाव त्याचे होते.”

मी गप्प झालो. फार वर्षांपूर्वी एका संस्थेची तिजोरी माझ्याकडे आली, तेव्हा आरंभीची शिल्लक 212 रुपयांनी जुळत नव्हती. श्रीगणेशालाच नन्नाचा पाढा नको, म्हणून मी सही केली. तीन वर्षांनी तपासणी झाली आणि तूट कारकुनाच्या माथी बसली. त्याने ती पगारातून फेडली. मी त्या सभेत होतो.

मी खोटे बोललो नाही, असे स्वतःला सांगत आलो. आपल्याकडे अशा गप्प बसण्याला समजूतदारपणाही म्हणतात. परंतु ती सही म्हणजे मी कळवलेले शून्यच नव्हे काय? भिडेखातर आपण जे गिळतो, त्याचे देणे बहुधा ज्याला भीड घालता येत नाही त्याच्याच नावावर पडते.

परवा तो बाजारात भेटला. “दिवाळीला या,” म्हणाला. 212 रुपये आता खिशात सहज असतात. पण ते कोणत्या तोंडाने द्यायचे? त्याआधी सही परत घ्यावी लागेल, आणि ती संस्था आता उरलेली नाही. हे भाच्याला विचारायचे होते. तोवर त्याची मुंबईची गाडी सुटली होती.