राजाचा मान व सर्वांचा मान

मनुष्य राजवाड्यांत जन्मलेला असो कीं गवताच्या झोपडींत, मरण त्याला सोडीत नाहीं, हें आमच्या मंडळींतील लहान मूलहि जाणतें. तथापि राजा मरतो तेव्हां केवळ एक मनुष्य मरतो असें होत नाहीं. कोणी रडतात, कोणी मुकाट्यानें पाहतात, कोणी जुनीं दुःखें उघडून दाखवितात. इ. स. २०२२ च्या सप्टेंबरच्या ८ व्या तारखेस ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ ह्या ७० वर्षें राज्य करून, वयाच्या ९६ व्या वर्षीं, स्कॉटलंडांतील बाल्मोरल येथें वारल्या, तेव्हां जगानें हेंच पाहिलें. त्या प्रसंगाचा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों, तो राजघराण्याची वार्ता सांगण्यासाठीं नव्हे. अधिकाऱ्याच्या मरणीं ख्रिस्ती मनुष्यानें कसा शोक करावा, आणि जो शोक करीत नाहीं त्यास दोष द्यावा काय, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांपुढेंहि येतो, म्हणून तो विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम शोक करणाऱ्यांकडे पाहूं. राणीचें शव लंडन येथील वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें चार दिवसांहून अधिक काळ ठेविलें होतें, आणि सुमारे अडीच लाख माणसें त्यापुढून गेलीं. थेम्स नदीच्या कांठानें लागलेल्या त्या रांगेंत कित्येकांनीं रात्रभर उभें राहून वाट पाहिली. त्यांस कोणीं हुकूम केला नव्हता, कीं कोणीं मजुरी दिली नव्हती. मग तीं कां आलीं? १९४७ सालीं, आपल्या २१ व्या वाढदिवशीं, केप टाउन येथून रेडिओवर बोलतांना ह्या बाईंनीं असा संकल्प केला होता कीं, आयुष्य दीर्घ असो वा अल्प, तें सेवेंतच जाईल. तो संकल्प त्यांनीं शेवटपर्यंत पाळला असें पुष्कळांस वाटत होतें. मृत्यूच्या दोनच दिवस आधीं काठी टेकीत उभें राहून त्यांनीं मावळत्या मुख्य प्रधानांचा राजीनामा घेतला व नव्या प्रधानबाईंची नेमणूक केली. त्याच्या आदल्या वर्षीं, १७ एप्रिल २०२१ रोजीं, त्यांचे पति फिलिप यांचा अंत्यविधि झाला. करोनाच्या सांथीमुळें अंत्यविधीस तीसांहून अधिक माणसें नसावींत असा देशांत नियम होता. तो नियम राजघराण्यासहि लागू झाला, आणि विंझर येथील चॅपेलांत त्या वृद्ध विधवा आपल्या जागीं एकट्याच बसल्या. राजानें आपल्या बांधवांपेक्षां मन उंच करूं नये व नियमशास्त्र आपल्याजवळ ठेवून तें पाळावें, असा दंडक अनुवादाच्या सतराव्या अध्यायांत आहे. त्याची थोडीशी छाया लोकांनीं त्या दिवशीं पाहिली.

परंतु त्याच देशांत दुसरीहि एक गोष्ट घडली. फिलिप हे ९९ वर्षांचे होऊन वारले, तेव्हां बी. बी. सी. ह्या प्रसिद्ध संस्थेनें इतर कार्यक्रम बाजूस सारून तीच एक वार्ता चालविली, आणि ती फार झाली अशा एक लाखाहून अधिक तक्रारी तिच्याकडे आल्या. लोकांस आदर नव्हता असें नाहीं. पण आपला आदर कोणी मापून आपल्या ताटांत वाढावा हें त्यांस रुचलें नाहीं. राणीच्या मृत्यूनंतर ऑक्सफर्ड येथें नव्या राजाची द्वाही फिरविली जात असतां, 'त्यांस कोणीं निवडलें?' असें मोठ्यानें विचारणाऱ्या एका मनुष्यास पोलिसांनीं पकडलें व मागाहून सोडून दिलें. शोक हा कर नव्हे. तो वसूल करितां येत नाहीं, आणि वसूल करूं गेल्यास त्याचा शोकपणाच नाहींसा होतो.

ज्यांनीं शोक केला नाहीं त्यांचें म्हणणें काय, हेंहि ऐकलें पाहिजे. राणी ज्या दिवशीं राज्यपदास चढल्या, त्या ६ फेब्रुवारी १९५२ रोजीं त्या आफ्रिकेंतील केनिया देशांत होत्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथें आणीबाणी पुकारली गेली, आणि पुढें हजारों लोकांस छावण्यांत कोंडून त्यांचा छळ करण्यांत आला. ही कोणा शत्रूनें रचलेली कथा नव्हे. २०१३ सालीं ब्रिटिश सरकारनें पार्लमेंटांत तिची कबुली देऊन खेद दर्शविला, आणि ५,२२८ जणांच्या दाव्यांपोटीं, खर्च धरून, सुमारे दोन कोटी पौंड देण्याचें कबूल केलें. त्या राज्यपद्धतींत हुकूम प्रधानमंडळाचा असतो, राणीचा नव्हे, हें खरें; परंतु शिक्का राणीच्या नांवाचा होता, आणि ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला शिक्काच दिसतो. आपल्या देशांतहि ११ सप्टेंबर २०२२ हा दिवस सरकारनें राणीसाठीं दुखवट्याचा म्हणून पाळला. पण १९१९ सालीं जालियनवाला बागेंत ज्यांचे पूर्वज पडले, त्यांच्या मनांतून ती बाग गेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं राणीनें त्या बागेंत जाऊन पुष्पचक्र वाहिलें व मान लवविली. परंतु क्षमेचा शब्द उच्चारला नाहीं. अशा घरांतील मनुष्याचे डोळे कोरडे राहिले, तर त्यास कठोर म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

ह्याविषयीं पवित्र शास्त्र काय शिकवितें? शौलानें ज्याचा डोंगरांतून व रानांतून पाठलाग केला, तो दावीद शौलाच्या मरणाची वार्ता ऐकून वस्त्रें फाडून रडला. म्हणून ज्याच्या हातून आपणांस दुःख झालें त्याच्यासाठीं रडणें हें ढोंगच असतें असें नाहीं. दुसरीकडे, यहोराम राजा मेला तेव्हां त्याच्यासाठीं कोणी हळहळलें नाहीं असें इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे, आणि त्या न हळहळणाऱ्यांवर शास्त्र कांहीं दोष ठेवीत नाहीं. योशीया राजासाठीं यिर्मया संदेष्ट्यानें विलाप केला; पण त्याच योशीयाचा पुत्र यहोयाकीम याच्यासाठीं कोणी शोक करणार नाहीं, असें त्याच यिर्मयानें सांगितलें. कां? तर यहोयाकीमानें अन्यायानें आपला वाडा बांधिला आणि शेजाऱ्याकडून काम करून घेऊन त्याची मजुरी दिली नाहीं. वाचकहो, देवाच्या दप्तरांत राजाच्या नांवापुढें काय लिहिलें जातें तें पाहा! जिंकलेले किल्ले नव्हेत, तर मजुराची बुडविलेली मजुरी.

आतां राजपदाविषयीं. नव्या राजाचा राज्याभिषेक ६ मे २०२३ रोजीं झाला. त्याच्या थोडें आधीं बी. बी. सी.साठीं लोकमताची एक पाहणी झाली. तींत शंभरांपैकीं ५८ जणांनीं राजशाही राहावी असें म्हटलें, आणि २६ जणांनीं लोकांनीं निवडलेला प्रमुख असावा असें म्हटलें. पण ६५ वर्षांवरील लोकांत राजशाहीच्या बाजूनें शंभरांत ७८ जण होते, तर १८ ते २४ वर्षांच्या तरुणांत अवघे ३२, आणि निवडलेला प्रमुख मागणारे ३८. ह्यांत आम्हांस एक गोष्ट दिसते. सिंहासन वारशानें मिळतें, मुकुट वारशानें मिळतो, पण लोकांची प्रीति वारशानें मिळत नाहीं. ती प्रत्येकास आपल्या आयुष्यानें नव्यानें मिळवावी लागते. राजा ठेवावा कीं न ठेवावा, हें त्या देशच्या लोकांनीं ठरवावें. बार्बाडोस बेटानें ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं राणीचें राज्यपद शांतपणें दूर करून प्रजासत्ताक स्थापिलें, आणि राणीचे पुत्र त्या समारंभास स्वतः हजर होते. ख्रिस्ती मनुष्य राजाच्या राज्यांत व प्रजासत्ताकांत सारख्याच निष्ठेनें राहूं शकतो. इस्राएल लोकांनीं राजा मागितला तेव्हां शमुवेलानें त्यांस बजावलें कीं तो तुमचे पुत्र, तुमचीं शेतें व तुमच्या पिकांचा दहावा हिस्सा घेईल. तरी त्यांनीं तो मागितलाच. मनुष्याच्या मनाला राजा हवा असतो. आमच्या देशांत २६ जानेवारी १९५० पासून प्रजासत्ताक आहे. पण हार, तोरणें व लोटांगणें संपलीं काय? गांवचा पुढारी, मोटारींतून येणारा मंत्री, कधीं कधीं तर मंडळीचा पाळकहि, आम्हीं मनांत सिंहासनावर बसविलेला असतो.

म्हणून पेत्र प्रेषिताच्या पहिल्या पत्रांतील दुसऱ्या अध्यायाकडे वाचकांनीं बारकाईनें लक्ष द्यावें. तेथें सतराव्या वचनांत तो राजाचा मान राखावयास सांगतो; पण त्याच वचनाच्या आरंभीं तो सर्व मनुष्यांचा मान राखावयास सांगतो. मूळ ग्रीक भाषेंत दोन्ही ठिकाणीं क्रियापद एकच आहे. राजासाठीं त्यानें कांहीं निराळा, उंच शब्द शोधिला नाहीं. भय हा शब्द मात्र त्यानें राखून ठेविला आहे, आणि तो एकट्या देवासाठीं. हें लिहिलें तें रोमी बादशहाच्या अमलाखालीं राहणाऱ्या, परदेशी म्हणून हिणविल्या जाणाऱ्या गरीब विश्वासणाऱ्यांस, ज्यांत कित्येक दास होते. त्यांस प्रेषित म्हणतो कीं बादशहास मान द्या. पण तोच मान तुमच्या शेजारच्या दासासहि द्या, आणि भ्या मात्र देवालाच.

असा मान कसा द्यावा ह्याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. १८८८ सालीं पुण्यास राणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठीं मेजवानी झाली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले तेथें शेतकऱ्याच्या वेषांत गेले. त्यांनीं आमंत्रण धिक्कारलें नाहीं, कीं पाहुण्याचा अपमान केला नाहीं. पण दागिन्यांनीं मढलेल्या ह्या मंडळीवरून देशाची परीक्षा करूं नका, खरी प्रजा खेड्यांत दरिद्री व विद्येवांचून आहे, हें आपल्या मातोश्रींस कळवा, अशा आशयाचें त्यांनीं भाषण केलें. ह्यांत राजपुत्राचा मान होता आणि खेड्यांतील शेतकऱ्याचाहि होता. भय मात्र नव्हतें. राजाला खरें सांगणें हाहि त्याचा मानच आहे. नाथान संदेष्ट्यानें दावीदास दिला त्याहून मोठा मान त्याच्या दरबारांत कोणीं दिला?

राणीचा शेवटचा विधि १९ सप्टेंबर २०२२ रोजीं विंझर येथें झाला. शवपेटीवर मुकुट, राजदंड व राजगोल ठेविलेले होते. पेटी भुयारांत उतरविण्यापूर्वीं हीं तिन्ही एकेक उचलून वेदीवर ठेविलीं. मुकुट वर राहिला, मनुष्य तेवढें खालीं गेलें. पृथ्वीवरील अति मोठ्या थाटाच्या अंत्यविधींतहि शेवटीं तेवढेंच उरलें जें आमच्या गांवच्या कबरस्थानांत उरतें: देवानें घडविलेलें, मातीस मिळालेलें व त्याच्या दयेवर टेकलेलें एक मनुष्य.

उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे. गांवांत वजनदार मनुष्य वारला तर जा. त्याच्या विधवेचें सांत्वन करा. त्याच्या चांगुलपणाविषयीं बोला, पण खोटें गुणगान गाऊं नका. आणि ज्याला त्याच्या हातून अन्याय भोगावा लागला तो त्या घरीं आला नाहीं, तर त्याला तेथें ओढून नेऊं नका. परंतु गांवकुसाबाहेरच्या वस्तींत ऊसतोड करणारी एखादी विधवा वारली, तर त्याहि दिवशीं घंटा वाजवा. मंडळीच्या वडिलांनीं कामाची सबब सांगूं नये. खांदा द्यावयास चारच माणसें शोधावीं लागूं नयेत. तिच्यासाठीं अडीच लाखांची रांग लागणार नाहीं. पण दहा घरांची मंडळी असेल तर दहाहि घरें कबरेपाशीं उभीं राहोत. प्रेषितानें तिच्यासाठीं व राणीसाठीं एकच शब्द वापरला आहे. तो आम्हीं दोन करूं नये. ज्या राजाच्या मस्तकावर कांट्यांचा मुकुट होता, आणि ज्याचें शव दुसऱ्याच्या मालकीच्या कबरेंत ठेविलें गेलें, तो प्रभु येशू आम्हांस सर्वांचा मान राखावयास शिकवो.