प्रेम आणि पाळत

1887 सालीं मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंस नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असें फर्माविलें; त्यांनीं कैदेची तयारी दाखविली. तें बंधन उघड होतें. आमच्या वर्गांतील पुष्कळ मुलींपुढें तें प्रेमाच्या वेषांत येतें. मोबाइल तपासणें, मैत्रिणी तोडावयास लावणें, पैचा हिशेब मागणें, ह्यास त्या ‘काळजी’ म्हणतात! 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें मानसिक व आर्थिक छळासही हिंसाच मानलें; पण छळ ओळखूंच आला नाहीं, तर कायदा काय करणार? आमच्या मतें कसोटी एकच. तिनें ‘नाहीं’ म्हटल्यावर तो काय करतो? रुसणें क्षम्य आहे (कोण रुसत नाहीं?), शिक्षा करणें नव्हे. मात्र हा ‘नाहीं’ उच्चारण्याचा सराव तिला माहेरीं तरी कधीं मिळाला आहे काय?