कपाटावरचे खलनायक

(सामान्यकाळातील सहावा रविवार : मत्तय ५:१७-३७)



काही दिवसांपूर्वी पिंगळी येथे एका घरी आम्ही प्रार्थनेसाठी गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला. घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने आमचा हात धरला आणि आपला खजिना दाखवायला आतल्या खोलीत नेले. लोखंडी कपाटावर प्लॅस्टिकच्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. हिरव्या केसांचा जोकर, जांभळ्या तोंडाचा थॅनोस, लोखंडी मुखवट्याचा डॉक्टर डूम, शिरस्त्राण घातलेला मॅग्नेटो. सगळे कॉमिक्समधले खलनायक! काही परभणीच्या उरुसातून घेतलेले, काही पुण्याच्या मामाने आणलेले. आम्ही विचारले, "अरे, यात चांगला एकही कसा नाही?" तो म्हणाला, "फादर, चांगले सगळ्यांकडेच असतात."

आम्ही हसलो. मग ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या, एक हात मोडलेल्या मूर्तीकडे बोट दाखवून विचारले, "आणि हा कोण?"

"हे मोठे काका."

खोलीत कोणी काही बोलेना. वडिलांनी मान खाली घातली. धुऱ्याच्या भांडणावरून दोघा भावांचे बोलणे चार वर्षांपासून बंद आहे. दारे एकाच गल्लीत, समोरासमोर. मुलाला कोणी शिकवले नव्हते. घरात जे रोज ऐकले, ते त्याने कपाटावर मांडले होते.

ही गोष्ट आम्ही त्या घराच्या परवानगीने सांगत आहोत. ते घर कोणते, हे कोणी शोधू नये. थोड्याफार फरकाने ते आपणा सर्वांचेच घर आहे.

काही आईवडील विचारतात, "फादर, असली खेळणी घरात ठेवली तर वाईट का?" प्लॅस्टिकमध्ये सैतान राहत नाही. अमेरिकेत १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' हातात घेणार नाहीत, म्हणून त्याला 'ॲक्शन फिगर' असे नाव दिले. तेव्हापासून मुले अशा मूर्ती जमवत आहेत. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'ही-मॅन' लागायचा, आणि आम्हालाही कवटीच्या तोंडाचा स्केलेटर जास्त लक्षात राहायचा. ज्याची भीती वाटते त्याला मुठीत धरता आले, तर मुलाला धीर येतो. त्यात पाप नाही.

पण मूर्तीची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचा चेहरा साच्यात ओतलेला असतो. जोकर १९४० साली जन्मला. त्याच्या मूर्तीचे ते भेसूर हसू कधी बदलणार नाही. मूर्तीला पश्चात्ताप होत नाही. माणसाला होतो. आपण एखाद्याला 'तो तसलाच' म्हणतो, तेव्हा जिवंत माणसाची मूर्ती करून मनाच्या कपाटावर ठेवतो. मग तो हसला तरी आपल्याला कावा दिसतो, आणि आजारी पडला तरी सोंग वाटते.

कॉमिक्स लिहिणाऱ्यांनासुद्धा हे कळले. त्या मुलाच्या कपाटावरचा मॅग्नेटो १९६३ साली आला तो निव्वळ दुष्ट म्हणून. पुढे १९८०च्या दशकात लेखकाने त्याचे बालपण उघडे केले. ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला तो एक ज्यू मुलगा होता. १९८५ साली तर ज्या शाळेशी तो लढत आला, त्याच शाळेचा भार त्याच्यावर सोपवला गेला. त्याचे अपराध पुसले गेले नाहीत; पण त्याची कथा पुढे सरकली. कागदावरच्या खलनायकाला एवढी सवड मिळते, मग सख्ख्या भावाला का नाही?

संत ऑगस्टीन यांनी शिकवले की दुष्टपणाला स्वतःचे असे अस्तित्व नाही. चांगल्याची उणीव म्हणजे वाईट. ज्वारीला कीड लागते ती दाण्याच्या जिवावर. दाणा नसेल तर कीडही नाही. म्हणून ज्याच्यात कीड दिसते, त्याच्यात देवाने घातलेला दाणाही असलाच पाहिजे. प्रभूने जक्कयामध्ये तो पाहिला. स्तेफनाच्या खुनाला संमती देणाऱ्या शौलामध्ये पाहिला, आणि ख्रिस्तसभेला संत पौल मिळाले.

निघताना त्या मुलाचे वडील आम्हाला म्हणाले, "फादर, पण चूक त्याची आहे." कदाचित असेलही. पण आजचे शुभवर्तमान नीट वाचा. वेदीजवळ अर्पण आणल्यावर, 'तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर', असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, हे आठवले तर, असे तो म्हणतो. चूक कोणाची, हा प्रश्न प्रभू विचारतच नाही. ज्याला आठवले, त्याने उठायचे.

आणि हे तो सांगतो गालीलातल्या लोकांना. त्यांची वेदी होती यरुशलेमला, काही दिवसांच्या पायी वाटेवर. अर्पण तिथेच ठेवायचे, तेवढी वाट मागे तुडवायची, भावाशी समेट करायचा आणि पुन्हा तितकेच चालत यायचे. आपल्याला तर फक्त गल्ली ओलांडायची आहे!

समेट म्हणजे धुऱ्यावरचा हक्क सोडणे नव्हे. मोजणी होऊ द्या, कागद बघू द्या. पण मोजणीच्या दिवशी भाऊ समोर आला तर त्याला नावाने हाक मारता आली पाहिजे.

येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेऊन प्रायश्चित्तकाळात प्रवेश करू. मांसाहार सोडू, चहा सोडू. त्याआधी प्रत्येकाने आपल्या मनाचे कपाट उघडून पाहावे. तिथे कोणाकोणाला उभे केले आहे? त्यातली एक तरी मूर्ती या चाळीस दिवसांत खाली उतरवावी आणि तिला पुन्हा माणूस होऊ द्यावे. एखाद्याच्या कपाटावर आपलीही मूर्ती असेल, हेही विसरू नये.

त्या मुलाला आम्ही काही रागावलो नाही. एवढेच म्हणालो, "बाळा, या मूर्तीचा हात मोडलाय. चिकटवता येईल का बघ." त्याने वडिलांकडे पाहिले.

प्रभू आपणा सर्वांना पहिले पाऊल टाकण्याची कृपा देवो. आमेन.