शब्दाआधीचा हात

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांपुढे एक अडचण होती. वस्तू डोळ्यांपुढे येते, पण तिचं नाव, तिची जात, तिचे गुण यांतलं काहीच अजून मनात उमटलेलं नसतं, अशा पहिल्या क्षणाच्या ज्ञानाला दर्शनकार ‘निर्विकल्पक’ म्हणतात. ते कसं असतं हे समजावून कसं सांगायचं? ज्याला बोलता येतं, त्याच्या हातून तो क्षण केव्हाच निसटलेला असतो. ‘श्लोकवार्तिका’त कुमारिलांनी मग एक दृष्टांत दिला. तान्ह्या मुलांना आणि मुक्यांना होतं, तशा प्रकारचं हे ज्ञान.

तान्हं मूल आणि मुका माणूस यांना एका ओळीत बसवण्यामागे एक गृहीत आहे. ज्याच्यापाशी शब्द नाही, त्याच्या अनुभवाला आकार नाही. भर्तृहरी तर त्यांच्याही आधी याहून पुढे गेले होते. शब्दाने विणलेलं नाही असं ज्ञानच नाही, ही ‘वाक्यपदीया’तली त्यांची भूमिका. मग अजून न बोलणाऱ्या बाळाचं काय? त्याच्यातही मागच्या जन्मांची शब्दभावना बीजरूपाने असतेच, असं त्यांचं उत्तर. बौद्ध दिङ्नाग अगदी दुसऱ्या टोकाला उभे. त्यांच्या मते नाव जोडण्याच्या कल्पनेपासून जे मुक्त, तेच खरं प्रत्यक्ष. धर्मकीर्तींना या व्याख्येत बाळाची अडचण दिसली असावी. त्यांनी कल्पनेची व्याख्या रुंद केली. शब्द जोडलेला नसला तरी जोडता येईल असा आकार ज्ञानात असला, की ती कल्पनाच. यावर भाष्य करताना आठव्या शतकातल्या धर्मोत्तरांनी जे उदाहरण दिलं, ते घरात बाळ वाढवलेल्या कुणालाही पटेल. रडणारं बाळ समोरचा स्तन ‘हा तोच’ असं ओळखत नाही, तोवर रडं थांबवून तोंड लावत नाही. शब्द एकही येत नाही, तरी ‘तोच’ ही ओळख मात्र पटलेली असते.

या सगळ्या थोर वादात एकच साक्ष नोंदवायची राहिली होती, ती खुद्द बाळाची. गेल्या चार दशकांत ती मिळू लागली आहे, आणि ती हातांनी दिलेली आहे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांची वर्षाची मुलगी फुलाकडे बोट दाखवून नाकाने हुंगल्यासारखं करू लागली. फुलाचा वास कसा घ्यायचा हे तिला घरच्यांनी दाखवलं होतं. तिने ती कृती उचलली आणि फुलाचं नाव म्हणून वापरली. कोळी दिसला की ती बोटं एकमेकांवर घासायची, कारण कोळ्याच्या गाण्यात तसे हातवारे होते. ही नावं तिला कुणी शिकवली नव्हती, तिनेच ती बनवली. अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी इतर घरांत पाहिलं, तेव्हा तिथेही बाळं हेच करताना आढळली. १९९६ साली त्यांचं पुस्तक आलं आणि अमेरिका-ब्रिटनमध्ये ऐकू येणाऱ्या बाळांना खुणा शिकवण्याचे वर्ग निघाले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली की ‘आणखी’, मूठ उघडमीट केली की ‘दूध’, तळवे फिरवले की ‘झालं’.

हात आधी का बोलतो, याचं कारण शरीरात आहे. एक शब्द नीट निघायला जबडा, जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो आणि तो बसायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ जातो. मूठ मिटणं त्यापेक्षा फार सोपं. शिवाय मुलाला कळणारे शब्द बोलता येणाऱ्या शब्दांच्या किती तरी आधी आणि किती तरी जास्त असतात. कळणं आणि बोलणं यांच्यामधल्या त्या महिन्यांत खूण कामी येते.

पण खुणांनी मूल लवकर बोलू लागतं का? पालकांची भीती उलटी होती. हातानेच काम भागलं तर मूल तोंड उघडेल कशाला? ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. वर्गांच्या जाहिरातींनी दिलेली आश्वासनंही खरी ठरलेली नाहीत. २००० साली अ‍ॅक्रेडोलो-गुडविन यांनी १०३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खुणा शिकलेली मुलं दुसऱ्या वर्षात काही चाचण्यांत थोडी पुढे होती, पण वय वाढलं तसा तो फरक ठळक राहिला नाही. २००५ साली कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे १७ अभ्यास तपासले आणि खुणांमुळे भाषा सुधारते असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने ४० बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिलं. काही मातांनी ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या खुणा वापरल्या, काहींनी साधे हातवारे, काहींनी फक्त शब्दांवर भर दिला, काहींना काहीच शिकवलं नव्हतं. २०१३ साली निकाल आला. मुलांच्या भाषेत म्हणावा असा फरक नव्हता.

फरक मातांमध्ये होता. खुणा आणि हातवारे वापरणाऱ्या माता बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होत्या आणि बाळाला स्वतःहून काही करायला जास्त वाव देत होत्या. या अभ्यासाची बातमी ‘खुणांचा उपयोग नाही’ अशा मथळ्याने देता येईल, पण मग त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हरवेल. या बाळांच्या हाताला अर्थ असू शकतो असं कुणी तरी धरून चाललं होतं, म्हणून कुणी तरी त्या हाताकडे पाहत होतं.

बाळाने आपणहून केलेल्या खुणांची कहाणी याहून गहिरी आहे. नवव्या ते बाराव्या महिन्यांच्या दरम्यान मूल बोट दाखवू लागतं. चेंडू हवा म्हणून दाखवतं, हे समजण्यासारखं आहे. पण ते चंद्राकडेही बोट दाखवतं आणि मग वळून आईच्या डोळ्यांत पाहतं. चंद्र त्याला नको असतो. तू पण बघ, एवढंच त्याला हवं असतं. शिकागोच्या सुझन गोल्डिन-मेडो आणि जाना आयव्हर्सन यांनी २००५ साली दहा मुलांच्या नोंदींतून दाखवलं, की मूल ज्या वस्तूकडे आधी बोट दाखवतं, तिचं नाव बहुधा नंतर त्याच्या तोंडी येतं. एक शब्द आणि एक खूण यांची जोडी जमली, म्हणजे तोंडाने ‘दे’ आणि बोटाने बाटली, की दोन शब्दांचं वाक्य जवळ आलं असं समजावं. म्हणजे वाक्य आधी हात आणि तोंड यांच्यात वाटलेलं असतं.

इथे आपल्या परंपरेतला एक छोटा निर्णय पुन्हा तपासावासा वाटतो. न्यायशास्त्राच्या अभ्यासाची सुरुवात ज्या ‘तर्कसंग्रहा’ने होते, त्याच्या ‘दीपिका’ या टीकेत अन्नंभट्ट विचारतात, हातवारे म्हणजे चेष्टा हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे का? त्यांचं उत्तर नकाराचं आहे. चेष्टेवरून शब्दाचं अनुमान होतं आणि त्या शब्दातून व्यवहार घडतो. मोठ्या माणसांपुरतं हे बरोबर आहे. ओठांवर बोट ठेवलेला माणूस दिसला की आपल्या मनात ‘गप्प’ हा शब्द येतो. पण फूल हुंगून दाखवणाऱ्या त्या मुलीपाशी मागे उभा असलेला शब्दच नव्हता. तिच्या खुणेत अर्थ होता आणि तो कुठल्याही शब्दाकडून उसना घेतलेला नव्हता. अन्नंभट्टांसमोर ही मुलगी आणून बसवता आली असती, तर दीपिकेत आणखी एक पूर्वपक्ष वाढला असता, यात शंका वाटत नाही.

मराठी घरांत बाळाला खुणांचे वर्ग कुणी लावले नाहीत, पण खुणा दिल्या. ‘टाटा कर’ आणि ‘बाप्पाला नमो कर’ या बहुतेक मुलांच्या पहिल्या खुणांपैकी. वर्षाचं मूल आजीच्या कडेवरून देवघराकडे पाहून हात जोडतं आणि घर खूश होतं. या नमस्काराला अर्थ आहे का? श्रद्धाळू म्हणेल, निरागस भक्ती आहे. संशयी म्हणेल, नुसती नक्कल आहे. दोघेही घाई करतात. थोडे दिवस थांबावं. तेच मूल दुकानातल्या कॅलेंडरवरचा गणपती पाहून कुणी न सांगता हात जोडतं. आणि एके दिवशी भिंतीवरच्या हार घातलेल्या आजोबांच्या फोटोलाही जोडतं. ही चूक फार मोलाची आहे, कारण नकलेत अशी चूक होत नाही. मुलाने स्वतःचा एक वर्ग बनवला आहे. जिथे हार, फुलं, दिवा आणि मोठ्यांचा हळू झालेला आवाज, तिथे हात जोडायचे. धर्मोत्तरांचं ‘हा तोच’ आता हातात उतरलेलं आहे, आणि ‘बाप्पा’ हा शब्द अजून तोंडी यायचा आहे. देव कोण हे त्याला ठाऊक नाही. आपल्यापेक्षा मोठं असं काही आहे आणि त्याच्यासमोर घरातली माणसं बदलतात, एवढं मात्र त्याने टिपलेलं आहे.

याला एक जोरदार उत्तर आहे, ते हेलन केलर यांचं. एकोणीस महिन्यांच्या असताना दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या हेलनने पुढे लिहिलं, की शिक्षिका येण्यापूर्वी आपण आहोत याचीसुद्धा आपल्याला जाणीव नव्हती. १८८७च्या एप्रिलमध्ये अलाबामातल्या टस्कंबियाच्या पंपाखाली अ‍ॅन सलिव्हन यांनी तिच्या हातावर पाणी या शब्दाची अक्षरं काढली आणि जग उघडलं. भर्तृहरींच्या बाजूने याहून मोठी साक्ष सापडणार नाही. पण त्याच हेलनने आत्मचरित्रात आधीच्या खुणाही नोंदवल्या आहेत. ब्रेड हवा असला की कापून लोणी लावल्यासारखं करायचं, आइस्क्रीम हवं तर थंडीने शहारून दाखवायचं. जिला थंडीतून आइस्क्रीम सुचवता येतं, तिच्या मनाला आकार नव्हता असं म्हणणं कठीण आहे. पंपापाशी तिला आपल्या अर्थांसाठी सगळ्यांची भाषा मिळाली, आणि ती मिळालीही तळहातावरच.

मूल भाषा कसं शिकतं, याचं मीमांसकांनी रंगवलेलं चित्र प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय आणतो, आणि बाजूला बसलेलं मूल दोन्ही पाहून अर्थ ताडतं. ऑगस्टीन यांनीही ‘कन्फेशन्स’मध्ये आपलं बालपण असंच मांडलं. मोठ्यांचे डोळे, हालचाली, आवाज पाहून मी नावं शिकलो. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या विटगेनस्टाइन यांच्या ग्रंथाची सुरुवातच या वर्णनाच्या चिकित्सेने होते. हे मूल जणू परक्या देशात आलेल्या, आधीच एक भाषा येत असलेल्या माणसासारखं रंगवलं आहे, हा त्यांचा आक्षेप. दोन्ही चित्रांत आणखीही एक उणीव आहे. मुलाशी कुणी बोलत नाही. ते कडेला बसलेलं आहे. चंद्राकडे बोट दाखवून वळून पाहणारं मूल या चित्रांत नाही, आणि त्याला ‘हो रे, चांदोबा’ म्हणणारी आईही नाही.

कुमारिलांच्या दृष्टांतातला दुसरा माणूस मात्र अजून तसाच उभा आहे. मुका. १९९१ साली मॉन्ट्रियलमध्ये लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी कर्णबधिर आईवडिलांच्या दोन कर्णबधिर बाळांचे हात बारकाईने पाहिले. ऐकणारी बाळं ‘बाबाबा’ करतात त्या वयात ही बाळं हातांनी तसंच बडबडत होती, सांकेतिक भाषेच्या घटकांची लयदार आवर्तनं करत होती. मेंदूला ध्वनीची अट नाही, भाषेची आहे. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’मध्ये सॉक्रेटिस हे सहज बोलून जातो. आपल्याला आवाज नसता, तर मुके करतात तसं आपणही हात, डोकं आणि शरीराने गोष्टी दाखवल्या नसत्या का?

तरीही १८८० साली मिलानमध्ये भरलेल्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त तोंडी भाषा शिकवावी असा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. खुणा केल्या तर मूल बोलायला शिकणार नाही, ही तीच भीती. पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात गप्प केले गेले. शंभर वर्षांनी निकाराग्वातल्या मानाग्वामध्ये शिक्षक वर्गात ओठ वाचायला शिकवत राहिले आणि मैदानावर, शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकत्र करून नवी भाषा उभी केली. १९८६ साली भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तिथे पोहोचल्या तेव्हा ती घडताना पाहता आली. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१०ची व्हँकुव्हरची परिषद यावी लागली.

ऐकू येणाऱ्या बाळाला खुणा शिकवणं हे आज हौशीचं, प्रगत पालकत्वाचं लक्षण आहे, आणि ज्या बाळाला त्यांची खरी गरज आहे त्याच्या पालकांना मात्र अनेकदा सांगितलं जातं, की खुणांची सवय लावू नका, यंत्र बसवल्यावर बोलेल. हे सांगण्याला आधार नाही. २०१४ साली अमेरिकेत कर्णबधिर पालकांच्या, जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेल्या आणि कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांची बोली इंग्रजी तपासली गेली. मुलं पाचच होती, पण ती ऐकणाऱ्या समवयस्कांच्या बरोबरीने बोलत होती. अडचण खरी आहे ती वेगळी. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात आणि त्या आईवडिलांना एकही खूण येत नसते. आपल्याकडे साधनं अगदीच नाहीत असं नाही. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र सुरू झालं आणि त्याच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. पण कोश पाळण्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. श्रवणयंत्रासाठी बाळाला घेऊन येणाऱ्या आईला त्याच भेटीत दूध, आणखी, झालं, आई, बाबा, चांदोबा या खुणा करून दाखवायला तिथे एखादी कर्णबधिर शिक्षिका बसलेली असली पाहिजे, पगारावर नेमलेली, आणि त्या आईला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणारी.